उभ्या उभ्या खाणारी

वऱ्हाडातल्या कुठल्याही पेट्रोलपंपावर मोठी मोटारसायकल लावा, टाकीचं झाकण उघडायच्या आत प्रश्न येतो : "भाऊ, कितीक देते हे?" विचारणारा लुनावर असो की बुलेटवर, अकरावीतला असो की पेन्शनर, सवाल एकच. मालक बिचारा अठरा देणारीला बावीस सांगतो आणि नजर मीटरकडे वळवतो. एवढं लाजायचं खरं तर काही कारण नाही. स्पोर्ट टूरर नावाच्या गाडीत पेट्रोल हा तसा किरकोळच खर्च असतो. लाजावं असा खर्च वेगळाच आहे. तो पंपावर कुणी विचारत नाही आणि घरी कुणी सांगत नाही.

स्पोर्ट टूरर म्हणजे रेसच्या गाडीची सख्खी बहीण, फक्त जरा समजूतदार. हँडल थोडं उंच, समोर वारा अडवायला काच, मागे दोन पेट्या टांगायची सोय. कावासाकीची निन्जा ११००एसएक्स घ्या. १०९९ सीसी, १३६ हॉर्सपॉवर. वॅगन-आरच्या लहान इंजिनाच्या दुप्पट. डिसेंबर २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत १३ लाख ४९ हजार. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीची नवी पाटी लागली : ३५० सीसीपर्यंत २८ टक्क्यांचे १८, त्यावरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होते त्याचे थेट ४०. आपल्या चाकणला बनणाऱ्या डोमिनार ४०० चं इंजिन तेव्हा ३७३ सीसीचं. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या पोरांची ही स्पोर्ट टूरर, सरकारनं २३ सीसीसाठी सावकारांच्या पंगतीत नेऊन बसवली.

आता हिशेब. गाडी रस्त्यावर यायला सोळा लाख पडले असं धरा. पहिल्या काही वर्षांत किंमत वर्षाला दीड लाखानं घसरते असं धरा. विकायला काढलेल्या कुणालाही विचारा, तो जास्तच सांगेल. विमा तीस हजार धरा. यातला थर्ड पार्टीचा सरकारी दर ३५० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला फक्त २,८०४ रुपये आहे (नव्या गाडीला पाच वर्षांचे एकदम १५,११७ भरावे लागतात, ते वेगळं). बाकीचे पैसे आपल्याच रंगाच्या आणि प्लास्टिकच्या काळजीचे. वर्षाची सर्व्हिसिंग पंधरा हजार. झाले एक लाख पंच्याण्णव हजार. यात पेट्रोलचा एक थेंब नाही. गाडी अजून पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी आहे.

अमरावतीचा किंवा अकोल्याचा हौशी मालक वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवत असेल, तर हा उभा खर्च किलोमीटरला ६५ रुपये पडतो. पेट्रोल सहा, दोन्ही टायर मिळून चार. एकूण पंचाहत्तर. भाड्याची कार ड्रायव्हरसकट बारा-चौदा रुपये किलोमीटरनं मिळते. म्हणजे ज्या पैशात हा एकटा गडी घाम पुसत चिखलदऱ्याला जातो, त्याच पैशात आमदारासारखा पाच गाड्यांचा ताफा घेऊन जाता आलं असतं. वर चारचौघांना फुकटात नेल्याचं पुण्य.

टायरचं जरा थांबून सांगतो, कारण तिथं आपल्या मुलखाचा दोष आहे. या गाड्यांचा मागचा टायर बहुधा दोन जातींच्या रबराचा असतो : मधोमध कडक, कडेला मऊ. गाडी वळणावर झुकली की मऊ रबरानं रस्ता धरायचा, अशी कल्पना. आता अमरावती-अकोला रस्त्यावर झुकून दाखवा. हाच तो राष्ट्रीय महामार्ग ५३, जिथं जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस बुकात नाव घातलं. विक्रम करणाऱ्यांना वळणं नडली नाहीत, कारण नडण्याइतकी ती नाहीतच. बडनेरा सोडलं की मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि समोर अकोला. परिणाम टायरवर दिसतो : मधोमध टक्कल आणि कडेला जावळ. कारखान्यातून आलेली रबराची केसं कडेला तशीच उभी, आणि मध्ये टायर पाटासारखा सपाट. आठ हजार किलोमीटरला बदला. वीसेक हजार रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. एका टायरात पावणेचार क्विंटल सोयाबीन गेलं. व्यापाऱ्यानं प्रत्यक्षात जो भाव दिला त्यानं मोजलं तर पाच.

झुकायची हौस असेल तर परतवाड्याच्या पुढं घाट आहे. चिखलदरा हे विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, तिथवरची वळणं खरोखर सुरेख. पण एका घाटासाठी सोळा लाख?

"मग समृद्धीवर काढ ना," असं पुण्याचा मित्र म्हणतो. काढू दिली असती तर! ७०१ किलोमीटरचा रस्ता, आमच्याच धामणगाव, कारंजावरून जातो, ताशी १२० ची मुभा, आणि दुचाकीला बंदी. १३६ हॉर्सपॉवरची गाडी नियमात रिक्षा आणि ट्रॅक्टरच्या रांगेत. चाळीस टक्के कर घेताना ती चैनीची वस्तू, रस्ता देताना मात्र ती लुनाची बहीण. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, एवढीच काय ती सवलत. ती लुनालाही आहे.

सर्व्हिसिंगची आणखी मजा. मोठ्या जपानी गाडीचं काम बहुतेकांना नागपूरला न्यावं लागतं. अमरावतीहून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, अकोल्याहून पाचशेच्या घरात. वर्षाला तीन हजार चालवणाऱ्याच्या फिरण्यातला निदान दहावा हिस्सा तेल बदलायला जाण्यात जातो. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब मारायचं काम उरतं, ते घरीच. रविवारी सकाळी जुना टूथब्रश, रॉकेल, फडकं घेऊन माणूस मागच्या चाकाशी बसलेला असतो. बायको वरून विचारते, "कुठं निघाले का?" तो म्हणतो, "नाही, साफ करून राह्यलो." हा तिचा खरा वापर.

कारण वापरायला महिनेच नाहीत. मार्च सरता सरता अकोला चाळिशी ओलांडतं आणि मे महिन्यात पंचेचाळिशीवर जाऊन बसतं. त्यात जाड जॅकेट, हातमोजे, बूट, पूर्ण हेल्मेट (हा चाळीसेक हजारांचा अहेर मी हिशेबात धरलाच नव्हता) आणि दोन मांड्यांमध्ये तापलेलं इंजिन. अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा सुटतो आणि गरम वारा नेमका गुडघ्यावर. पावसाळ्यात काळी माती फुगते, रस्त्याच्या कडा उचलते, आणि शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचा गुळगुळीत थर सांडत जातो. राहिले दिवाळी ते शिवरात्र. त्यात लग्नसराई.

गाडी वाईट नाही, हे मी शंभरदा म्हणेन. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवा, तोच उभा खर्च ६५ वरून सोळा रुपयांवर येतो. पेट्रोल-टायर धरून सव्वीस. हौसेला एवढं मोल द्यायला माझी ना नाही. महाग पडतं ते न चालवणं. आणि आपल्याकडे ही गाडी चालवण्यापेक्षा दाखवायलाच जास्त घेतली जाते, गिला वडा खायला नेली की आजूबाजूच्यांनी माना वळवाव्यात म्हणून.

तेव्हा मालकहो, यंदाचा विमा भरायच्या आधी एक करा. मीटरवरच्या आकड्यातून मागच्या वर्षीचा आकडा वजा करा. सर्व्हिसिंगच्या पावतीवर तो लिहिलेला असतो. उत्तर दहा हजारांच्या वर आलं तर नवा टायर टाका आणि खुशाल निघा. पाच हजारांच्या आत आलं तर ३५० सीसीखालची घ्या. चिखलदऱ्याच्या घाटात तीही झुकते, आणि तिला १८ टक्केच लागतात.