एक सर्व्हर, बारा भानगडी

आईला फक्त नाटक बघायचं होतं. काकांनी दिलेल्या डिस्कवर जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग होती, ती दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दिसावीत एवढीच मागणी. पण माळ्यावर जुना डेस्कटॉप धूळ खात होता आणि मला लिनक्स येतं असा घरात समज होता. तो मीच पसरवलेला.

लिनक्स घ्यायचं, हे एका मिनिटात ठरलं. कोणतं, इथे घोडं पेंड खाऊ लागलं. कर्नल सगळ्यांचा एकच, पण डिस्ट्रोंचं, म्हणजे त्याभोवती रचलेल्या तयार संचांचं, गोड्या मसाल्यासारखं आहे: प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि दुसऱ्याचं हमखास चुकलेलं.

आधी आर्च घातलं. त्याला आवृत्त्याच नाहीत, अपडेट वर्षभर झिरपत राहतात. सूचना न वाचता अपडेट मारण्याच्या माझ्या सवयीला हे झेपणारं नव्हतं. आठवडाभरात माझं ज्ञान बरंच वाढलं, नाटक काही लागलं नाही.

मग लिब्रइलेक. ही मूर्ती लहान, फक्त ‘कोडी’ हा मीडिया प्लेअर चालवण्यापुरती. टीव्हीला चिकटवून ठेवायच्या डब्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही, असं माझं अजूनही मत आहे. पण बायकोला तेच नाटक पोळ्या लाटताना मोबाइलवर हवं होतं, म्हणजे जेलीफिनसारखा सर्व्हर आला. या जगातली भावकीही न्यारी. ओपनइलेकमधून 2016 मध्ये लिब्रइलेक वेगळं निघालं, एम्बीमधून 2018 मध्ये जेलीफिन. फरक इतकाच की इथे वाटणी झाली तरी दोघांनाही अख्खं घर मिळतं. आमच्या गावाकडे ही सोय असती तर दोन वकील उपाशी मेले असते.

शेवटी डेबियनवर आलो. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये ते सुरू केलं तेव्हा मैत्रीण डेब्रा हिचं आणि स्वतःचं नाव जोडून बारसं केलं. आपल्याकडे बंगल्यांची नावं ठेवतात, अगदी तसंच. आवृत्त्यांना नावं ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची. अस्थिर शाखा मात्र कायम सिड, म्हणजे शेजारचं खेळणी मोडणारं कार्टं. मी शहाण्यासारखं 2023 चं स्थिर बुकवर्म घेतलं.

जेलीफिन चढवलं, फोल्डर दाखवला. यादी रिकामी! डिस्क माझ्या नावावर उघडलेली आणि जेलीफिन चालतं स्वतःच्या वेगळ्या यूजरखाली, त्यामुळे त्याला उंबरठाच ओलांडता येत नव्हता. दोन रात्री त्यात गेल्या. मग एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये डिस्कची कायमची नोंद केली आणि रविवारी चारला सगळ्यांना चहासकट बोलावलं.

पावणेचारला वीज गेली. ती येईपर्यंत आईने इस्त्रीसाठी बोर्डावरचा एक प्लग काढून ठेवला. तो डिस्कचा होता. वीज आली, मी मशीन सुरू केलं, ते एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क दीड मिनिट शोधत बसलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागू लागलं. टीव्हीभर काळ्यावर पांढरी अक्षरं. आईने चष्मा पुसून दोन-चार ओळी वाचल्या.

“केवढी रे ही श्रेयनामावली! नाटक कधी सुरू होणार?”

त्या नोंदीत ‘नोफेल’ एवढा एक शब्द राहिला होता. तो घातला की डिस्क नसली तरी मशीन रडत बसत नाही. डिस्ट्रो निवडण्यात तीन आठवडे, शब्द लिहायला तीन सेकंद. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोयही करून टाकली आणि डिस्कच्या प्लगवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवली.

तेव्हापासून सर्व्हर बिनबोभाट चालतोय. मलाच करमेना. 2025 च्या ऑगस्टमध्ये डेबियनची ट्रिक्सी आली तेव्हा मी सहज, अगदी सहज, कीबोर्ड मांडीवर ओढला. आईने नाटक थांबवलं आणि मान न वळवता म्हणाली, “तिसरा अंक होईपर्यंत हात लावायचा नाही.”

बायकोने कीबोर्ड उचलून माळ्यावर ठेवला, जिथे आधी डेस्कटॉप होता तिथे.