देवनार ते न्यू जर्सी: बिझनेस क्लास निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

बिझनेस क्लास म्हणजे विमानात विकत मिळणारी आडवी झोप. गरम टॉवेल, चिनी मातीच्या बशा आणि नाव घेऊन केलेली विचारपूस हे तिच्याबरोबर येते. तिकीट साधारणपणे इकॉनॉमीच्या तीन-चार पट पडते. शिवाय इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी असताना वरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो. देवनारच्या सोसायटीत या वर्गाचे प्रवासी म्हणजे बहुधा नातवाला भेटायला निघालेले आई-बाबा. तिकीट मुलगा काढतो आणि किंमत सांगत नाही. आई ती दोन दिवसांत शोधून काढते. निवड पुढील क्रमाने करावी.

१. विमान
कंपनीच्या नावापेक्षा विमानाचे मॉडेल पाहावे. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तोही अस्मानातच कळतो. आसनांची रचना १-२-१ असावी. तीत प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येते. २-३-२ मध्ये मधल्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. गोवंडीला हार्बर लोकलमध्ये शिरणाऱ्यांना याचा सराव असतो, पण त्यासाठी लाखांत पैसे मोजण्याचे कारण नाही. पूर्ण सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजने २००० साली या वर्गात आणला. तरीही काही जुन्या विमानांत आसन कलतेच राहते आणि प्रवासी पहाटेपर्यंत पायथ्याशी घसरतो. कोडशेअर तिकिटावर नाव एकाचे आणि विमान दुसऱ्याचे असते, तेही तपासावे.

२. आसन
जोडप्याने मधली जोडी घ्यावी. तिच्यामध्ये वर-खाली होणारा पडदा असतो. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्यांना त्याचा वापर शिकवावा लागत नाही.

३. वेळ
मुंबईहून युरोप-अमेरिकेकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे जेवण पहाटे दोन-तीनला येते. लाउंजमध्ये जेवून विमानात लगेच झोपणे हा शहाणपणाचा मार्ग होय. प्रचलित मार्ग दोन्हीकडे जेवण्याचा आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने टर्मिनल दोन रात्री फार लांब नाही. तरी ट्रॅफिकचा भरवसा नसल्याने घर संध्याकाळीच सोडण्याची प्रथा आहे. बिझनेसच्या वेगळ्या रांगेमुळे वाचलेला अर्धा तास मग लाउंजमध्येच बसून काढावा.

४. जेवण
खास जेवण बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी कळवावे लागते. ‘हिंदू मील’ मागवून निश्चिंत झालेल्या शाकाहाऱ्यापुढे कोंबडी येऊ शकते, कारण त्या नावाचे जेवण गोमांसाविना असले तरी बऱ्याचदा मांसाहारी असते. शाकाहारासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’, कांदा-लसूण वर्ज्य असल्यास ‘जैन’ मागवावे.

५. सामान
अमेरिकेच्या मार्गावर इकॉनॉमीत सहसा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, बिझनेसमध्ये ३२ किलोच्या. या १८ किलोंत भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट बसते. सुके खोबरे मात्र त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इन सामानात चालत नाही. या बाबतीत श्रीमंतांनाही सवलत नाही.

६. प्रवासी
हा घटक शेवटी तपासला जातो, तो आधी तपासावा. एवढे पैसे भरल्यावर झोपून ते वाया घालवणे पुष्कळांच्या जिवावर येते. असा प्रवासी पंधरा-सोळा तास जागा राहतो, तीन सिनेमे पाहतो, प्रत्येक सरबताला होकार देतो, मोज्यांचे पाकीट नातवासाठी ठेवतो आणि नेवार्कला लाल डोळ्यांनी उतरतो.

सबब, ज्याला विमानात निर्धास्त झोप लागते त्याच्यासाठीच बिझनेस क्लास घ्यावा. बाकीच्यांनी इकॉनॉमीत जागावे आणि उरलेल्या पैशांत नातवाकडे आणखी दोनदा जाऊन यावे.