ऐंशीची थरथर

ज्या थरथरीला ऐंशीचा वेग लागतो, ती मेकॅनिकच्या गल्लीत कधीच सापडत नाही. दोन स्पीडब्रेकर आणि मधोमध रवंथ करणारी एक गाय, म्हणजे तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोयच नाही. तपासणीला दिपोटी आले की आमची शाळा जशी एकाएकी गुणी व्हायची, तशी गाडी तिथे वागते. मेकॅनिक चाचा फेरी मारून येतात, किल्ली हातावर ठेवतात आणि म्हणतात, “काही नाही साहेब, मक्खन चाललीय.” मग शिरवळ मागे पडतं, साताऱ्याकडच्या खंडाळ्याचा सरळ रस्ता लागतो, काटा ऐंशीला टेकतो आणि आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक होतात. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव, त्यामुळे पुण्याच्या मोटारसायकलवाल्याला वेग आणि वैराग्य दोन्हींसाठी साताऱ्याचाच रस्ता धरावा लागतो.)

गंमत म्हणजे ही थरथर सत्तरला नसते आणि पंचाण्णवलाही नसते. हँडल, आरसा, फूटरेस्ट, प्रत्येकाचा आपापला ठेका असतो; फिरणाऱ्या चाकाचा ठेका त्याच्याशी जुळला की ते बिचारं डोलायला लागतं. टपरीवर मात्र निदानाला तोटा नाही. ज्याची चेन नुकतीच बदलली त्याला चेन दिसते, ज्याचा कोनसेट गेला होता तो कोनसेट सांगतो आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तो इंजिन उतरवायला लावतो.

खरी परीक्षा साधी आहे. रस्ता रिकामा बघायचा, ऐंशीला क्लच दाबायचा आणि थ्रॉटल सोडून द्यायचा. इंजिन शांत झालं तरी हँडल थरथरतंय? मग इंजिन निर्दोष. टायर, रिम, बेअरिंग बघा. थरथर तिथल्या तिथे थांबली, तर इंजिन आणि त्याचे फाउंडेशन बोल्ट. बोटांनाही हे कळतं. ऐंशीला चाक सेकंदाला अकराएक वेळा फिरतं, त्याचा दोष हिसके देतो. साडेतीनशे सीसीच्या एकुलत्या पिस्टनच्या तेवढ्या वेळात साठेक फेऱ्या होतात, त्याच्या झिणझिण्या येतात.

आमच्या वडिलांच्या पिढीने ही परीक्षा नकळत आयुष्यभर दिली. घाटाचा उतार लागला की पेट्रोल वाचवायला ते स्कूटरचं इंजिनच बंद करत. त्या अचानक आलेल्या शांततेत सैल स्टेपनी ऐकू येई, बेअरिंगची कुरकुर ऐकू येई आणि मागे बसलेली आईही. तिला जे सांगायचं असे, ते ती उतारासाठी राखून ठेवायची. पायथ्याशी इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत वडिलांना सगळ्याला ‘हो’ म्हणावं लागे. आमच्या घरातले बरेचसे मोठे निर्णय असे न्यूट्रलमध्ये झाले आहेत.

शेवटी चाचांनाच मागे बसवून हायवेला नेलं. उतरल्यावर ते काही बोलले नाहीत. गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं आणि हळूहळू फिरवत टायरच्या कडेला असते त्या बारीक उठावदार रेघेवर नख टेकवलं. रेघ रिमपासून सारख्या अंतरावर धावत होती. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला मात्र वीतभर रिमच्या आत गडप झाली. कुणीतरी पंक्चर काढताना टायर पुरता बसवलाच नव्हता. हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, हवा भरली. ‘टक्क’ आवाज झाला आणि रेघ वर आली.

हिसके गेले. झिणझिण्या आहेत आणि त्या राहणार. एका पिस्टनची वरखाली क्रँकच्या वजनाने पुरती तोलता येत नाही. वरचा धक्का कमी करावा तर तो पुढेमागे सरकतो. गाडीला मी आता काही म्हणत नाही.

तुम्ही मात्र पंक्चर काढून झालं की त्या रेघेवरून एकदा नख फिरवा. पैसे द्यायच्या आधी.