पिंग सारू

तुमच्याही ऑफिसात असा एक असतोच. आमचे सर आदिलाबादेतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये बसतात. प्रिंटर अडू दे, फाइल दिसेनाशी होऊ दे, पंखा फिरेनासा होऊ दे, यांचा प्रश्न एकच: "पिंग जातोय ना?" तेलुगू पोरं त्यांना पिंग सारू म्हणतात. मराठी पोरं मागून काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. घरी काकूंनी "गॅस संपला" म्हटलं, तरी सर आधी एजन्सीला नुसती रिंग देऊन बघतात. वाजली की निम्मं काम झालं!

लॅबमधल्या लिनक्स मशीनची नावं त्यांनीच ठेवलेली. सर्व्हर पैनगंगा; बाकी कुंटाला, पोचेरा, सगळे इथलेच धबधबे. परवा पोचेरावर पैनगंगेचं फोल्डर माउंट होईना. 'ॲक्सेस डिनाइड.' सरांनी पिंग मारला. गेला. पुन्हा मारला. पुन्हा गेला. चेहऱ्यावर समाधान.

आता पिंग गेला म्हणजे समोरचं मशीन जिवंत आहे, एवढंच. एनएफएसला, म्हणजे १९८४ साली सन कंपनीनं आणलेल्या त्या फाइल वाटून घेण्याच्या सोयीला, तेवढ्यानं भागत नाही. एक्स्पोर्टच्या यादीत मशीनचं नाव लिहिलेलं असेल, तर सर्व्हर आलेला आयपी त्या नावाशी जुळतो का ते बघतो आणि जुळला तरच आत घेतो. पोचेराचा आयपी बदलला होता. पैनगंगेच्या होस्ट्स फाइलीत, म्हणजे कुठल्या नावाचा आयपी कोणता त्या यादीत, जुनाच पडून. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं हे समजावून सांगितलं. सर म्हणाले, "पण पिंग तर जातोय!"

मी चिडून म्हटलं, "सर, पिंग जाणं आणि आत घेणं यात फरक असतो."

"मला सांगता?" सर हसले. केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या, दोन राज्यांच्या सीमेवरच्या १४ गावांतले ते. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतं आमची. एकाच माणसाकडे दोन मतदार ओळखपत्रं, एकाच गावात दोन सरकारांच्या शाळा. "निवडणूक आली की दोन्हीकडून पिंग येतो हो. जमिनीचा पट्टा मागा, दोन्हीकडून ॲक्सेस डिनाइड."

त्या दिवसापासून मी त्यांना उलट बोलत नाही.

होस्ट्स फाइलीतली ओळ त्या मुलीनं दोन मिनिटांत दुरुस्त केली. सरकारी फाइलीसाठी अशी दुसऱ्या वर्षाची मुलगी दोन्ही राज्यांना अजून सापडलेली नाही.