शनिवार-रविवार सोडून
अलिबागला, चेंढऱ्यात किंवा कुरुळला, वन बीएचके भाड्याने मागून बघा. 'नॉनव्हेज खाता का?' हा मुंबईचा प्रश्न इथे नाही. मालकाच्याच मोरीत बोंबील निथळत असतात. इथे विचारतात, 'शनिवार-रविवार गावी जाता ना?' २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबईकर गाडीसकट उतरू लागला, शनिवार-रविवारपुरतं घर मागू लागला, आणि महिन्याच्या महिन्याला भाडं देणारी नर्स मालकाला तोट्याची वाटू लागली. करार अकरा महिन्यांचाच. 'नोंदणीची भानगड नको,' एजंट डोळा मारतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असो, नोंदणी मालकाच्याच गळ्यात घातली आहे, हे त्याला ऐकवू नका. दलाली वाढेल.