साठवरून चौसष्टवर

पिंपळनेरात गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गळ्यात पट्टा अडकवून मान झटकणारा पोरगा येतो. मी मात्र पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकतोय, म्हणून डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवून, पाठ ताठ करून, पोथी वाचायला बसल्यासारखा बसतो. बघणाऱ्याचा पहिला हिरमोड इथेच होतो.

दुसरा हिरमोड गाण्याचा. शेजारच्या काकू विचारतात, "भाऊ, गाना कव्हय वाजाडशी?" माउरो जुलियानी नावाच्या इटालियन गृहस्थाने उजव्या हातासाठी १२० व्यायाम लिहिले आणि ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर, हे काकूंना कोणत्या तोंडाने सांगू? बोटांचा क्रम बदलतो, सूर तेच. काकूंच्या हिशेबाने मी वर्षभर एकच गाणं वाजवतोय, तेही अर्धवट. कारकासी नावाच्या संगीतकाराच्या ओपस ६० मधल्या २५ अभ्यासांना निदान चाल आहे. पण मी तिथवर पोचतो तेव्हा काकूंची खिडकी बंद झालेली असते.

प्रगती मोजायला मी वही ठेवली आहे. तारीख, अभ्यास, मेट्रोनोमचा वेग, शेरा. माल्झेलने १८१५ मध्ये या टिकटिकीचं पेटंट घेतलं. मला ती मोबाइलमध्ये फुकट मिळाली. सोमवारी मिनिटाला ६० ठोके, बुधवारी ६४, शनिवारी थेट ७२! रविवारी पुन्हा ५६. शेरा : नख तुटलं.

नखं उजव्या हाताची वाढवायची, डाव्याची कापायची. साक्री तालुक्यात, कांद्याच्या दिवसांत! नखांपायी मी कांदे निवडण्यातून सूट मागितली, तर आई म्हणाली, "मग डाव्या हाताने निवड. त्याची कापलेलीच आहेत ना?"

नखांचा हा तंटा जुनाच आहे. बार्सिलोनाचा फर्नांदो सोर नखांविना वाजवायचा, त्याचा मित्र आग्वादो नखांनी. तरी पॅरिसात दोघं जोडीने वाजवत. सोरने त्यासाठी 'दोन मित्र' नावाची रचनाच केली. मीही तडजोड केली आहे : कांद्याच्या हंगामात सोरपंथी, एरवी आग्वादोपंथी.

अलीकडे वहीत नवा रकाना आखलाय : काकू. खिडकी बंद, अर्धी उघडी, उघडी अशा नोंदी त्यात असतात. परवा मी वाजवायला बसलोच नाही, तर काकूंनी खिडकीतून विचारलं, "आज बंद का भाऊ?" मी ताबडतोब लिहिलं : लक्षणीय प्रगती.

आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, काकूंना काळजी वाटत नव्हती, आशा वाटत होती.