त्यात काय एवढं!

निवृत्त माणसाचे पहिले काही महिने बरे जातात. बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं, माळ्यावरच्या फायली खाली काढून पुन्हा माळ्यावर टाकायच्या, सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन खरमरीत प्रश्न विचारायचे. हे सगळं उरकलं की एका सकाळी त्याला आपल्याच घरात एक स्वयंपाकघर असल्याचा शोध लागतो. तो दारात उभा राहतो, डब्यांच्या रांगेवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "इथे जरा सिस्टिम हवी."

त्या क्षणी आत उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस ज्यांनी केलंय, त्यांना पुढचं फारसं सांगायला नको.

आमच्या मजल्यावरचे काका याच जातीचे. सरकारी बांधकाम खात्यात हयात गेली, ती मोऱ्या आणि लहान पूल बांधण्यात. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट म्हणजे साहित्य, प्रमाण आणि देखरेख, बाकी काही नाही, असा त्यांचा पक्का समज. आवडतं वाक्य, "त्यात काय एवढं!" एका गणपतीत काकू मोदकाच्या कळ्या काढत बसल्या होत्या, तेव्हाही काका हेच म्हणाले. काकूंनी काही न बोलता उकडीचा गोळा त्यांच्या हातात ठेवला. पुढे काय झालं ते त्या घरात कुणी सांगत नाही, पण तेव्हापासून काकांनी आपल्याकडच्या पदार्थांना हात लावलेला नाही. जिथे काकूंना तुलनाच करता येणार नाही असं क्षेत्र त्यांनी धोरणीपणाने निवडलं: ओव्हनशिवायच्या चॉकलेट ओट्स कुकीज.

निमित्त कोलेस्टेरॉलचं. डॉक्टर म्हणाले, ओट्स खा. काकांनी एक किलोचं पाकीट आणलं. एक दिवस दुधात घालून खाल्ले, एक दिवस उपमा झाला, मग काकूंनी विचारलं, "हे घोड्याला घालतात ना हो?" झालं, पाकीट मागे पडलं. पण पैसे मोजलेली वस्तू टाकून देणं काकांच्या पिढीला जमत नाही. इतक्यात ओहायोतल्या लेकीने एक कृती पाठवली. खाली लिहिलं होतं, "बाबा, ओव्हन लागत नाही." ओव्हन खरं तर घरात आहे. तिनेच दिलेला, माळ्यावर, खोक्यासकट, थर्मोकोलसकट. पण तो खाली काढायचा म्हणजे शिडी आली, शिडी म्हणजे वॉचमन आला. त्यापेक्षा हे बरं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात या कुकीज पाद्रीबाबांच्या नावाने ओळखल्या जातात. पाद्री घोड्यावरून येताना लांबून दिसला की बाई चूल पेटवायची, आणि तो दारात पोचेपर्यंत ताटली तयार, असं तिकडे सांगतात. काका ही गोष्ट फार रंगवून सांगतात. काकांकडे तो पाद्री आला असता तर बिचारा जेवला असता, वामकुक्षी काढून उठला असता, चहा पिऊन परत घोड्यावर बसला असता आणि तेव्हा आतून आवाज आला असता, "आलंच हं!"

कारण तयारी. ओट्यावरचं सगळं हलवलं जातं, मिसळणाच्या डब्यासकट. मग बटर पेपर येतो. "ताटाला तुपाचा हात लावा की," असं काकू सुचवतात, पण त्यात शास्त्र नाही. काका बटर पेपर फूटपट्टी लावून कापतात आणि त्यावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने तीस वर्तुळं काढतात. मग पीनट बटर. विकतच्यात साखर असते म्हणून ते घरीच. दाणे भाजून मिक्सरला लावायचे आणि तेल सुटेपर्यंत फिरवत राहायचं. तेल सुटायच्या आधी मिक्सर तापून बंद पडतो. मग काका तो उलटा करून खालचं लाल बटण दाबतात आणि यंत्र निवेपर्यंत खुर्चीत बसून आपल्याला ओट्सचं माहात्म्य सांगतात.

ते माहात्म्य मला लिफ्टमुळे पाठ आहे. १९९७ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याविषयी दावा छापायला परवानगी दिली. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो, तो रोज ३ ग्रॅम पोटात गेला की कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. हे तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पुरतं. त्याच परवानगीत एक अट आहे, की बाकीच्या आहारात संपृक्त चरबी कमी हवी. ती बहुधा पाचव्या मजल्यावर येत असावी. आम्ही चौथ्यावर उतरतो.

आता कृती बघा. साखर २ कप, म्हणजे ४०० ग्रॅम. पिवळं बटर १०० ग्रॅम. दूध अर्धा कप, कोको पाव कप, पीनट बटर अर्धा कप, चमचाभर व्हॅनिला आणि ओट्स ३ कप, जे वजनाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे ओट्सपेक्षा साखर जास्त. तीस कुकीज झाल्या तर एकेकीत १३ ग्रॅम साखर जाते, सपाट तीन चमचे. हा हिशेब मी एकदा काकांपुढे मांडला. दुसऱ्यांची एस्टिमेटं तपासण्यात आयुष्य गेलेला तो माणूस क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण चहा मी बिनसाखरेचाच घेतो."

खरा खेळ एका मिनिटाचा आहे. साखर, बटर, दूध आणि कोको एकत्र उकळायचं, खळखळून उकळी फुटली की तिथून मिनिटभर, फार तर दीड मिनिट, आणि गॅस बंद. पाक ११२ अंशांच्या आसपास जायला हवा. वाटीभर पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळते, तोच हा पाक. कमी उकळला तर कुकी जन्मात आळत नाही, जास्त उकळला तर भुगा. साखरेचे पाक करण्यात काकूंची चाळीस वर्षं गेली आहेत. पण त्यांना विचारायचं म्हणजे क्षेत्र त्यांचं होणार.

एका रविवारी मी तिथे हजर होतो. काका ढवळताहेत, डाव्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. काकू दारात खुर्ची टाकून पेपर वाचताहेत. पातेल्याच्या कडेला चार बुडबुडे आले आणि काकांनी घड्याळ सुरू केलं.

"अजून उकळी फुटली नाही," काकू पेपरातून मान वर न करता म्हणाल्या.

"फुटली. मी बघतोय ना."

"आवाज नाही आला."

"उकळी काय कानाने बघतात?"

काकूंनी पान उलटलं. साठ सेकंद झाले, मोबाइल वाजला, काकांनी गॅस बंद केला. त्याच वेळी मिश्रण मधोमध एकदाच फुगलं, "बुडुक" असा आवाज आला आणि ते खाली बसलं. काकूंनी चष्मा काढून पुसला. बोलल्या काहीच नाहीत.

दोन तासांनी वर्तुळं जागेवर होती, त्यांच्यावर टाकलेला माल मात्र एकमेकांत मिसळून कागदभर पसरला होता. काकांनी चमच्याने थोडं उचललं, चाटून पाहिलं आणि वाट्या मागवल्या. "हे पुडिंग आहे," त्यांनी जाहीर केलं.

काकांचा पदार्थ कधीच फसत नाही, त्याची फक्त बदली होते. पुढच्या खेपेला त्यांनी सूड घेतल्यासारखं तीन-चार मिनिटं उकळलं. भुगा झाला. तो बरणीत गेला आणि बरणीवर सुवाच्य अक्षरात लेबल लागलं, "ग्रॅनोला". एकदा घाईत मसाला ओट्सचं पाकीट फुटलं. हळदीचा आणि कांदा-लसणाचा वास मारणाऱ्या त्या चॉकलेटला काकांनी "फ्युजन" म्हटलं, आणि दोन दिवस एकट्यानेच संपवलं. या शेवटच्या गोष्टीबद्दल मला त्यांचा आदर आहे. जुलैतल्या सगळ्या पुडिंगांचा दोष अर्थातच दमट हवेवर जातो.

पाक जमला तरी दुसरी अडचण उभी राहते. ओट्स घातल्यावर मिश्रण झपाट्याने आळतं, भराभर चमचे टाकून मोकळं व्हायचं असतं. काका प्रत्येक कुकी डिजिटल काट्यावर तोलतात. ३१ ग्रॅम भरली तर एक ग्रॅम काढतात. आठवी वर्तुळात बसेपर्यंत उरलेलं पातेल्यातच दगड होतं. ते मग कालथ्याने खरवडून, ठोकून, जमेल तसं बाहेर काढायचं. त्यामुळे काकांच्या ताटात पहिल्या आठ कुकीज शासकीय नियमानुसार असतात आणि बाकीच्या गोवऱ्या. काकू तसं तोंडावर म्हणाल्या. लेकीने फोनवर सांगितलं की तिकडची पोरंसुद्धा यांना शेणाच्या पोवरूनच चिडवतात. यावर दुसरा कुणी खजील झाला असता. काका म्हणाले, "बघ! म्हणजे दिसायला अगदी तिकडच्यासारख्या झाल्यात."

मोरीत तोवर पातेली, कप, वाट्या, चाळणी, मिक्सरची दोन भांडी आणि चॉकलेट चिकटलेला कालथा यांचा ढीग झालेला असतो. कामाच्या मावशी दारातूनच ओळखतात. "काकू, आज काका सैपाकघरात होते का?" असं विचारतात आणि आधी चहा मागतात. घासायला नंतर बसतात.

मग वाटप. स्टीलच्या छोट्या डब्यात चार कुकीज घालून काका स्वतः दारोदार जातात, आणि देऊन परत फिरत नाहीत. उंबऱ्यातच उभे राहतात. "खा. आत्ताच खा. आणि प्रामाणिकपणे सांग." "छान झाल्यात" हे उत्तर चालत नाही. टेक्स्चर वेगळं सांगावं लागतं, गोडी वेगळी, आणि शेवटी दहापैकी गुण. मी एकदा साडेसात दिले तर अर्धा गुण कशात गेला म्हणून संध्याकाळी पुन्हा बेल वाजली. शिवाय डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत. त्यामुळे काकांचा प्रयोग झाला की मजल्यावरच्या तिन्ही घरांत दुसऱ्या दिवशी काहीतरी करावं लागतं.

पोरांना मात्र यातलं काही नडत नाही. पुडिंग असो, ग्रॅनोला असो, खाली खेळणारी सगळी टोळी वास आला की वर येते. काका त्यांना रांगेत उभं करतात, वर्तुळातल्या आठ कुकीज त्यांनाच देतात आणि स्वतः गोवरी घेतात. हे मी अनेकदा पाहिलंय.

एकदा असेच बसले असताना काकांनी लहानपणचं सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत आई रवा, मैदा, तूप, साखर असं डब्यात भरून बेकरीत न्यायची, नानकटाई भाजून घ्यायला. तेव्हा कुणाच्या घरी ओव्हन नव्हता, आळीतल्या सगळ्या बायका तिथेच जायच्या. भट्टीपाशी गर्दी, सगळ्यांचे पत्रे सारखे, कुणाचा कुठला कळायचं नाही. म्हणून आई याला पत्र्यांवर नजर ठेवायला बसवायची. दोन-दोन तास हा पोरगा त्या उकाड्यात स्टुलावर. "करू मात्र कधी दिलं नाही," काका म्हणाले. "मळायला बायका, भाजायला बेकरीवाला. मी नुसता सुपरवायझर." आणि मग लगेच, "पण एक नानकटाई इकडची तिकडे होऊ दिली नाही!"

काकूंनी हे आतून ऐकलं असावं. त्या बाहेर आल्या, एका कुकीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "कोको बरा आहे. पुढच्या वेळी मी सांगेन तेव्हा गॅस बंद करा."

"त्यात काय एवढं!" काका म्हणाले.

तुमच्याही मजल्यावर असे काका असतीलच. त्यांनी डबा आणला तर तिथल्या तिथे खा, आठाच्या खाली गुण देऊ नका, आणि डबा परत करताना त्यात काहीही गोड घालू नका. मूठभर भाजके चणे चालतील. काकूंचा खास निरोप आहे.